९८ टक्के बरोबर, पण सतरंज्या कोण उचलणार?

आज एकच पेपर घेऊन बसू या. हा पेपर मला मनापासून आवडतो. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची तयारी करत असताना मी तो पहिल्यांदा वाचला, आणि वाचून इतकी भारावले की आमच्या गावातल्या लिनक्स युजर ग्रुपचं सगळं काम त्याच्या आधारावर बसवलं. त्याचा परिणाम चांगला झाला नाही. त्यात एका मुलाचं जवळजवळ एक वर्ष वाया गेलं, आणि ते मी घालवलं. म्हणून हे लिहिणं जरा उधारी फेडण्यासारखं आहे.

पेपर आहे करीम लखानी आणि एरिक फॉन हिपेल यांचा, 'रिसर्च पॉलिसी' या नियतकालिकात २००३ साली आलेला. ओपन सोर्स सॉफ्टवेअर कसं चालतं आणि लोक एकमेकांना फुकट मदत का करतात, हा त्याचा विषय. तुम्ही समाजशास्त्रात असा नाहीतर माझ्यासारखे रसायनशास्त्रात, तो वाचायला अवघड नाही. आणि चांगल्या पेपरवर टीका कशी करायची हे शिकायला तर फारच उपयोगी आहे. वाईट पेपरवर टीका कोणीही करतं हो.

पेपर काय म्हणतो

आधी थोडी पार्श्वभूमी. अपाची हा वेबसर्व्हर १९९५ साली आला. वेबसाइटची पानं मागणाऱ्याच्या ब्राउझरपर्यंत पोचवायचं काम हे सॉफ्टवेअर करतं. ते फुकट, त्यामुळे अडलं तर फोन करायला कंपनी नाही. मग लोक यूजनेटवर, म्हणजे त्या काळच्या सार्वजनिक चर्चेच्या जागेवर, प्रश्न टाकायचे आणि कोणीतरी अनोळखी माणूस उत्तर द्यायचा.

तोपर्यंतच्या संशोधनाचा भर कोड लिहिणाऱ्यांवर होता. कोड लिहिण्यात मजा आहे, नाव आहे, नोकरीसाठी उपयोग आहे. पण "माझा सर्व्हर सुरू होत नाही, काय करू?" या शंभराव्यांदा आलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यात कसली मजा? लखानी आणि फॉन हिपेल यांनी नेमकं हेच काम निवडलं. त्यांच्या शब्दांचा भाव असा की ही कामं कंटाळवाणी आहेत, पण त्यांच्याशिवाय प्रकल्प पुरा होत नाही.

त्यांनी मदतीच्या कामाचे तुकडे पाडले. पहिला तुकडा प्रश्न टाकणं. दुसरा, तो प्रश्न ज्याला उत्तर येतं त्याच्यापर्यंत पोचणं. तिसरा, उत्तर लिहिणं. उत्तर लिहायला फार वेळ लागत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला ते बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. सगळा वेळ जातो तो दुसऱ्या तुकड्यात, म्हणजे आलेले प्रश्न आणि इतरांची उत्तरं वाचण्यात. आणि ते वाचन माणूस स्वतः शिकण्यासाठी करतच असतो. त्यांचा निष्कर्ष असा की मदत करणाऱ्यांच्या एकूण श्रमांपैकी ९८ टक्के श्रम त्यांना स्वतःला शिकण्याच्या रूपात परत मिळतात. म्हणजे खऱ्या अर्थानं 'फुकट' जातात ते फक्त २ टक्के.

यात चांगलं काय आहे

तीन गोष्टी तुम्ही उचलाव्यात अशा आहेत.

एक, विषयाची निवड. सगळे ज्या चमकदार कामाकडे बघत होते ते सोडून यांनी बाजूला पडलेलं काम घेतलं. सिनॉप्सिस लिहिताना विषय सुचत नसेल तर हा प्रश्न विचारून बघा: या क्षेत्रात असं कोणतं काम आहे जे रोज होतं, पण ज्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही?

दोन, तुकडे पाडणं. "लोक मदत का करतात?" हा प्रश्न अख्खाच्या अख्खा उचलता येत नाही. मदतीचे भाग केले आणि प्रत्येक भागाला किती वेळ लागतो हे विचारलं की त्यातला अर्धा गूढपणा निघून जातो. प्रयोगशाळेत आपण अभिक्रियेच्या पायऱ्या वेगळ्या करून सगळ्यात मंद पायरी शोधतो, तसंच हे.

तीन, भाषेचा संयम. कोडं सुटलं असं ते सारांशात म्हणत नाहीत. कोडं बरंच लहान झालं, एवढंच म्हणतात. तुमच्या प्रबंधात 'सिद्ध होते' लिहायचा मोह होईल तेव्हा हे आठवा.

आता टीका: भाजक कुठला घेतला?

टक्केवारी दिसली की माझी पहिली सवय म्हणजे भाजक बघणं. ९८ टक्के, पण कशाचे?

समजा, एक कांदा उत्पादक रोज अर्धा तास लासलगावचे भाव बघतो. स्वतःच्या मालासाठी बघतो. शेजारी विचारतो, "आज भाव काय?" तो अर्ध्या मिनिटात सांगतो. आता त्या अर्ध्या तासाला 'शेजाऱ्याला मदत करण्याचे श्रम' म्हणायचं का? म्हटलं, तर साडेतीस मिनिटांपैकी तीस मिनिटांचा फायदा त्याचा त्यालाच झाला, म्हणजे ९८ टक्क्यांच्या वरच. नाही म्हटलं, तर मदतीचे श्रम अर्धाच मिनिट, आणि त्यातून त्याला शिकायला काहीच मिळालं नाही. शेतकरी तोच, शेजारी तोच. भाजक बदलला की ९८ चे शून्य होतात.

लेखकांची बाजूही ऐकली पाहिजे. वाचन केल्याशिवाय प्रश्न योग्य माणसापर्यंत पोचतच नाही, म्हणून वाचन हा मदतीच्या यंत्रणेचाच भाग आहे. कंपनी असती तर हेच काम करायला पगार देऊन माणूस ठेवावा लागला असता. हा युक्तिवाद मला पटतो. म्हणून आकडा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आकडा एका विशिष्ट मांडणीतून आलाय, आणि ती मांडणी सोबत न घेता नुसता आकडा उचलला की घात होतो, एवढंच माझं म्हणणं. मी नेमकं तेच केलं.

दुसरा मुद्दा, विचारलं कोणाला? प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे, दोघांनाही प्रश्नावली दिली होती. पण त्यात सापडतात ती त्या जागेवर दिसणारी माणसं. वर्षभर उत्तरं देऊन कंटाळून निघून गेलेला माणूस यात कसा सापडणार? तो गेला कारण त्याला शिकायला मिळेना, असंही असू शकतं. टिकलेल्यांना "तुम्ही का टिकलात?" विचारणं सोपं असतं. गेलेल्यांचा पत्ता शोधावा लागतो. स्वयंसेवकांवरच्या बऱ्याच संशोधनाला ही अडचण आहे. लखानी आणि वुल्फ यांचा २००५ चा अभ्यास घ्या. २८७ प्रकल्पांमधल्या ६८४ प्रोग्रामरांना विचारून त्यांनी दाखवलं की काम करताना आपण काहीतरी नवं घडवतोय असं वाटणं ही सगळ्यात मोठी प्रेरणा आहे. उत्तम अभ्यास, पण तोही काम करणाऱ्यांचाच.

मी तो पेपर कसा वापरला

आमचा ग्रुप एका जिल्ह्याच्या गावातला. महिन्यातून एक रविवार, एका कॉलेजचा हॉल, तीस-चाळीस खुर्च्या. एक व्याख्यान, मग इन्स्टॉल टेबल: ज्यांना लॅपटॉपवर लिनक्स टाकून हवं ते तिथे बसतात. विद्यार्थी येतात, दोन-चार शिक्षक येतात, कधी एखादा सायबर कॅफेवाला. माझं कामच मुळी लिनक्सवर चालणाऱ्या गणनांचं, त्यामुळे मी आपोआप संयोजक झाले.

स्वयंसेवक अकरा होते. मी पेपर वाचून आले होते, त्यामुळे पहिल्याच बैठकीत जाहीर केलं: "कोणावरही काम लादायचं नाही. ज्याला ज्यातून शिकायला मिळेल ते त्यानं घ्यावं. शिकता शिकता मदत आपोआप होते." सगळ्यांना फार आवडलं. फळ्यावर कामं लिहिली आणि नावं मागितली. व्याख्यानापुढे सहा नावं आली. इन्स्टॉल टेबलापुढे चार. हॉलची परवानगी, चावी, प्रोजेक्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, दारावरचं रजिस्टर, शेवटी खुर्च्या लावून कुलूप घालणं, यापुढे एकही नाव नाही.

मी म्हटलं, हे काय, किरकोळ आहे, बघू. मग अकरावा मुलगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणाला, "ताई, मी करतो."

पुढचे अकरा महिने त्यानं केलं. सगळ्यात आधी यायचा, सगळ्यात शेवटी जायचा. व्याख्यान सुरू असताना दारावर, कारण उशिरा येणारे यायचेच. इन्स्टॉल टेबल सुरू असताना तो बोर्ड शोधत फिरायचा, कारण प्लग कधीच पुरायचे नाहीत. मी प्रत्येक बैठकीच्या शेवटी त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवून घ्यायचे. मला वाटायचं, झालं आपलं काम.

बाराव्या महिन्यात तो आला नाही. फोन केला तर आधी परीक्षा म्हणाला, मग गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, मला अजून लिनक्स येत नाही."

लिनक्स शिकायला आलेला मुलगा. अकरा महिन्यांत त्याला हॉलचा फ्यूज कुठे आहे ते कळलं होतं, शिपाईकाकांची सुट्टी कधी असते ते कळलं होतं. टर्मिनल उघडून चार कमांड द्यायला त्याला कोणी बसवलं नव्हतं. मी सुद्धा नाही.

आपल्याकडे राजकारणात एक तक्रार नेहमी ऐकू येते, "आम्ही आयुष्यभर सतरंज्याच उचलायच्या का?" ओपन सोर्सवाले आपल्याला त्यापेक्षा वेगळे समजतात. आमच्या हॉलमध्ये सतरंज्या नव्हत्या, खुर्च्या होत्या, इतकाच फरक.

माझा हिशेब

त्यानंतर मी पेपरची पद्धत आमच्याच ग्रुपला लावली. आधीच लावायला हवी होती. एका महिन्याचं काम कागदावर मांडलं. त्या महिन्यात प्रत्यक्ष राबलेले सहाजण: एक वक्ता, इन्स्टॉल टेबलवर तिघे, तो मुलगा आणि मी.

शिकायला मिळतं अशी कामं: व्याख्यानाची तयारी ५ तास, व्याख्यान १ तास, इन्स्टॉल टेबल तिघांचे मिळून साडेचार तास. एकूण साडेदहा.

शिकायला काही मिळत नाही अशी कामं: परवानगीचं पत्र आणि त्यासाठीचे हेलपाटे २ तास, पोस्टर आणि निरोप दीड तास, खुर्च्या-वायरी दोघांचे मिळून २ तास, दार आणि रजिस्टर २ तास, आवराआवर आणि चावी परत देणं १ तास. एकूण साडेआठ.

म्हणजे १९ तासांपैकी साडेदहा, सुमारे ५५ टक्के. ९८ नाही. पण हा फरकही तितका महत्त्वाचा नाही. पुढचा आकडा बघा. त्या साडेआठ तासांपैकी साडेपाच त्या एका मुलाचे होते आणि तीन माझे. बाकी चौघांचे शून्य. वक्त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझे १०० टक्के श्रम शिकण्यात परत आले. त्या मुलाचे शून्य टक्के. सरासरी ५५, आणि त्या ५५ मध्ये एकही खरा माणूस बसत नाही.

हा हिशेब मी आठवणीतून मांडलेला आहे, घड्याळ लावून नाही. म्हणजे वर मी ज्या गोष्टीवर बोट ठेवलं, कोणाला विचारलं आणि कशाच्या आधारावर, तो दोष माझ्याही हिशेबात आहे. एका ग्रुपचा एक महिना. याला कोणी संशोधन म्हणू नये. पण सरासरीच्या मागे वाटणी लपते, हे कळायला एवढंही पुरलं.

यूजनेट आणि हॉल यात फरक काय?

मग पेपर चुकला का? नाही. मी तो चुकीच्या जागी लावला.

यूजनेटवरचा प्रश्न तिथेच पडून राहतो. आज उत्तर देणारा नसेल तर उद्या दुसरा देतो. काम लहान, मिनिटांचं. कोणी एकानं आज कंटाळा केला तर व्यवस्था कोलमडत नाही, कारण वाचणारे पुष्कळ असतात. आणि कोणी कोणाला "आज तू बस" म्हणावं लागत नाही.

हॉलच्या चावीचं तसं नाही. रविवारी चारला चावी पाहिजे म्हणजे चारलाच पाहिजे. ती अर्धी कोणी, अर्धी कोणी अशी आणता येत नाही. ती एका माणसाकडे असते, आणि तो आला नाही तर बाकीच्या दहाजणांची तयारी वाया जाते. तो मुलगा गेल्यानंतरच्या महिन्यात हेच झालं. मी प्रयोगशाळेत अडकले होते, चावी आणायची कोणाच्या डोक्यातच नव्हती. हॉलबाहेर सात माणसं पाऊण तास उभी. त्यात तालुक्याहून एसटीनं लॅपटॉप घेऊन आलेली एक मुलगी होती. ती परत कधी आली नाही. का येईल?

पेपरमधलं काम आणि माझ्याकडचं काम, दोन्ही 'कंटाळवाणं पण आवश्यक'. एकच लेबल लागलंय म्हणून मी त्यांना एकच समजले. संशोधनात ही चूक फार होते. संज्ञा जुळली की आपण परिस्थिती जुळली असं धरून चालतो. खरं तर पेपरचं शीर्षकही या चुकीला थोडा हातभार लावतं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर कसं चालतं, असा मोठा दावा शीर्षकात, आणि आत एका प्रकल्पाची ऑनलाइन मदत. शीर्षक लेखकांनी जरा आखूड ठेवायला हवं होतं. पण सारांशात त्यांनी अपाचीचं नाव स्पष्ट घेतलंय. तो मी वाचला होता. दोष माझ्या वाचनाचा जास्त.

एक साधी कृती

याच काळात मी रिक मोएन यांनी लिहिलेली लिनक्स युजर ग्रुप यशस्वी करण्याची 'कृती' पुन्हा वाचली. हा संशोधनाचा पेपर नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या ग्रुपवाल्यानं अनुभवातून काढलेली यादी आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी नाक मुरडलं होतं: यात सिद्धांत कुठे आहे?

यादीतले मुद्दे बघा. भेटीची जागा ठरलेली हवी. वेळ ठरलेली हवी. जाहीर केलेली भेट झालीच पाहिजे, काही झालं तरी. गाभ्याला एकापेक्षा जास्त उत्साही माणसं हवीत. कार्यक्रमाची तारीख देताना वार लिहा, आणि वार बरोबर आहे का ते आधी तपासा. नकाशा द्या. वेबपान असं बांधा की काही काळ कोणी हात लावला नाही तरी ते खोटं पडणार नाही.

हा शेवटचा मुद्दा मला आता फार शहाणपणाचा वाटतो. माणसं कंटाळतील, विसरतील, परीक्षेला जातील हे गृहीत धरून व्यवस्था बांधायची, हा त्याचा अर्थ. मी स्वयंसेवक कायम उत्साही राहतील असं धरून बांधली होती. आणि ठरलेल्या दिवसाची ताकद आपल्याकडेही दिसते. पुण्याच्या लिनक्स युजर्स ग्रुपची भेट महिन्याच्या पहिल्या शनिवारी, हे लोकांना पाठ असायचं. निरोप न पोचताही माणूस येऊ शकतो, म्हणजे निरोप देणाऱ्याचं काम तेवढं कमी.

पण कृतीलाही मर्यादा आहेत. गाभ्याची माणसं हवीत हे ती सांगते. ती माणसं थकू नयेत म्हणून काय करायचं, कामाची वाटणी कशी करायची, यावर तिच्याकडे फारसं उत्तर नाही. वेबपानाबद्दलचे मुद्दे मात्र भरपूर, कारण ती लिहिली गेली तेव्हा ग्रुप सापडायचा मार्ग तोच होता. आणि ती मोठ्या शहरातल्या लोकांसाठी आहे. आमच्याकडे मुली येणार की नाही हे नकाशावर नाही, शेवटच्या एसटीवर ठरतं. हे कृतीत येणार नाही, आपणच लिहायला हवं.

रचना नसलेला ग्रुप

तिसरं वाचन सर्वस्वी वेगळ्या ठिकाणचं. जो फ्रीमन यांनी १९७० साली अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या गटांपुढे एक भाषण केलं, आणि ते पुढे 'द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस' या नावानं निबंध म्हणून प्रसिद्ध झालं. म्हणणं असं: रचना नसलेला गट असा काही नसतोच. नियम लिहिले नाहीत तर न लिहिलेले नियम चालतात, आणि ते फक्त आतल्या मैत्रीच्या वर्तुळाला माहीत असतात.

वाचताना मला आमचा फळा आठवला. "ज्याला हवं ते घ्या" हा माझ्या लेखी मोकळेपणा होता. पण ज्यांना लिनक्स आधीच येत होतं त्यांनाच व्याख्यानापुढे नाव लिहायची हिंमत होती. ज्याला काहीच येत नव्हतं त्याला राहिलेलं काम घ्यावं लागलं. त्यानं ते निवडलं असं मी स्वतःला सांगत होते.

इथेही जपून. फ्रीमन यांचा मुख्य रोख सत्तेवर आहे: निर्णय कोणाच्या हातात जातात. आमच्याकडे सत्तेपेक्षा ओझं एका बाजूला गेलं. पुन्हा तीच चूक नको, म्हणून मी सगळा निबंध उचलला नाही. त्यांनी सुचवलेल्या उपायांपैकी दोनच घेतले: कामं आलटून पालटून देणं, आणि माहिती सगळ्यांकडे असणं. त्यात त्यांचा एक इशाराही आहे. काम फार लवकर लवकर फिरवलं तर माणसाला ते नीट शिकायला आणि त्यातलं समाधान मिळायला वेळच मिळत नाही. म्हणून आम्ही एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची पाळी ठेवली.

मग काय बदललं?

आता दारावरचं काम तीन महिने एकाकडे, आणि त्या तीन महिन्यांत व्याख्यानानंतरची पहिली जागा इन्स्टॉल टेबलावर त्याची. आधी तो शिकेल, मग बाकीचे. व्याख्यान देणाऱ्यालाही वर्षातून एक पाळी दारावर करावी लागते. हॉल कसा उघडायचा, चावी कोणाकडे, शिपाईकाकांचा फोन, प्लग कुठले चालतात, हे एका कागदावर लिहून रजिस्टरमध्ये चिकटवलंय. चाव्या दोन केल्या. यातला कोणताही उपाय हुशारीचा नाही.

ग्रुप सुरू आहे. पंधरा-वीस माणसं येतात, पूर्वीपेक्षा कमी. व्याख्यानवाल्या सहापैकी दोघांनी दाराची पाळी ऐकून येणं बंद केलं. वाईट वाटलं, पण थांबवलं नाही. हे या बदलांमुळे टिकलं का? मला सांगता येणार नाही. तुलनेला दुसरा ग्रुप नाही, आणि त्याच काळात कॉलेजचं वेळापत्रकही बदललं. तुमचा गाइड हाच प्रश्न विचारेल, म्हणून मीच आधी विचारून ठेवला.

तुमच्यासाठी

कोणताही पेपर आपल्या कामात वापरण्याआधी मी आता तीन गोष्टी वहीत लिहून काढते. तुम्हीही करून बघा.

१. टक्केवारीचा भाजक काय आहे? एका वाक्यात लिहिता आलं नाही तर तो आकडा वापरायचा नाही.

२. या अभ्यासात कोण सापडणारच नाही? सोडून गेलेले, नाही म्हणालेले, दारावर उभे असलेले.

३. माझ्या जागी आणि त्यांच्या जागी काम कशात वेगळं आहे? वेळ ठरलेली आहे का, काम वाटून घेता येतं का, एक माणूस न आल्यानं काय होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा लिहिलं असतं तर 'चावी' हा शब्द पहिल्याच ओळीत आला असता.

तो मुलगा ग्रुपमध्ये परत आला नाही. गेल्या वर्षी मी त्याला फोन करून माफी मागितली. म्हटलं, तू येऊ नकोस, मी तुझ्याकडे येते, दोन रविवार दे. तो हसला, म्हणाला, "ताई, आता शिकलो मी. यूट्यूबवर बघून." बरं वाटलं, आणि नाहीही. तीस माणसांच्या हॉलमध्ये अकरा महिने काढून त्याला जे मिळालं नाही, ते त्याला एकट्यानं बसून मिळालं. मग आमचा ग्रुप नेमका कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर मला अजून द्यायचं आहे.

पुढच्या वेळी सोडून गेलेल्यांचा नमुना कसा गोळा करायचा यावर बोलू. तोपर्यंत तुमच्या विभागात, एन.एस.एस.मध्ये, कॉलेजच्या सेमिनारमध्ये खुर्च्या कोण लावतं ते एकदा बघून ठेवा. आणि जमलं तर त्याला विचारा, तुला काय शिकायचं होतं?